कारणाच्या रकान्यात

काल दुपारी साखर कारखान्याचा भोंगा झाला. गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, हंगाम सुरू झाला. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो आणि माझा हात सवयीने खिशाकडे गेला, पान्याकडे. मिलवर फिटर म्हणून तीस वर्षं काढली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. खिशात आता चष्म्याचं घर आणि पित्ताच्या गोळ्या असतात, पण हाताला ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

"वाळत घातल्यालं काढा आत," घरातून ही म्हणाली. "काजळी पडायला लागंल आता."

देवळाली प्रवरेत राहणाऱ्या माणसाला हंगाम असा कळतो. आधी भोंगा, मग धुतलेल्या कपड्यांवर चिमणीची काळी कुसळं, मग मळीचा तो आंबूस वास, जो पाहुण्यांना सहन होत नाही आणि आम्हाला चार महिने येतच नाही. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागे ऊस ओढणारी पोरं, आणि अर्धा तास उशिरा येणारी एसटी. कपडे काढता काढता माझं लक्ष खिडकीतून आतल्या टेबलावर गेलं. तिथे आमचा जुना कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर हिनं शिवलेलं फुलाफुलांचं झाकण आहे, आणि शेजारी एक लांब, निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर आहे. हंगाम आला की मला ते रजिस्टर उघडून बघायची इच्छा होते. दर वर्षी बघतो. कालही बघितलं.

कॉम्प्युटर मी निवृत्तीच्या वर्षी नगरहून आणला. नवा नव्हे. एका दुकानदाराने बदलायला काढलेला, किंमत बेताची, मालही बेताचाच. मुलगा किरण शिर्डीला हॉटेलात कामाला लागला, त्याला याची गरज उरली नाही. मग तो नुसता बसून राहिला, रिटायर माणसासारखा, कोणी हाक मारली की उठायला वेळ लावत. त्याला खरं काम लागलं ते अश्विनी सून होऊन घरात आली तेव्हा.

अश्विनी पाथर्डीकडची. तिचे आईवडील ऊसतोडीला, कोयत्यावर जाणारे. दसरा झाला की मुकादमाची गाडी गावात यायची आणि सगळं घर ट्रॉलीवर चढायचं, भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं. ती सातवीपर्यंत अशीच फिरली, पुढे वसतिगृहात राहून बारावी झाली. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात भोंगा झाला तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मी विचारलं, काय झालं?

"काय न्हाई मामा," ती म्हणाली. "आमच्याकडं भोंगा म्हंजी शाळा सुटली. सातवीपर्यंत सहामाही परीक्षा मी एकदाबी दिली न्हाई. पेपर असायचे तवा आमी उसाच्या फडात असायचो."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामा म्हणजे मी, कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. ज्या भोंग्याने माझ्या घरात तीस वर्षं चूल पेटली, त्याच भोंग्याने तिची पाटी फुटत होती.

तीन वर्षांपूर्वी तिनं मराठी टायपिंगच्या सरकारी परीक्षेचा फॉर्म भरला. मिनिटाला तीस शब्द. परीक्षा नेमकी हंगामात, दिवाळीनंतर. क्लास राहुरीला, तिथे एका मशीनवर रोज एक तास मिळायचा आणि उसाच्या ट्रॉल्यांनी एसटी अडली की तोही बुडायचा. म्हणजे सगळी मदार घरच्या कॉम्प्युटरवर. "लहानपणी हंगामातली एकबी परीक्षा न्हाई दिली," ती हिला म्हणाली होती, "ही द्यायचीच आत्याबाई, कायबी हुंदे." मी आतल्या खोलीतून ऐकलं. ही गोष्ट नोकरीपेक्षा मोठी आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे माझ्या अकलेचे फार पुरावे येणार नाहीत.

खंडेनवमीला आमच्या मिलमध्ये कामगार यंत्राची पूजा करत, पण वरच्या पत्र्याची नाही. आमचे फोरमन म्हणायचे, कपाळ सोडून टोपीला कुंकू लावतं का कोणी? त्यामुळे आम्ही पत्र्याचे गार्ड काढायचो, रोलरच्या शाफ्टला, बेअरिंगच्या घराला, थेट लोखंडाला हळदकुंकू. बोट ओलं करून चांगलं ठसठशीत. त्यानंतर हंगामभर ते यंत्र आपलं ऐकतं अशी आमची श्रद्धा. ऐकायचंही.

त्या वर्षी घरी पूजेला काय होतं? पाने, पक्कड, हिचं शिलाई मशीन आणि अश्विनीचा कॉम्प्युटर. सुनेची परीक्षा, मग तिच्या यंत्राची पूजा साधी कशी करायची? मी बाजूचा पत्रा काढला. आत चार वर्षांची धूळ. सायकलच्या पंपाने ती उडवली, आणि दोन उभ्या हिरव्या पट्ट्या होत्या त्या खटकन काढून पुसल्या. एका कडेला बारीक सोनेरी दात. फार देखण्या वस्तू. पाने-पकडींबरोबर त्यांनाही ताटात ठेवलं, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि संध्याकाळी जिथल्या तिथे बसवून दिल्या. मशीन सुरू झालं. अश्विनी तेव्हा हिच्याबरोबर आपट्याच्या पानांची वाटणी ठरवत होती. तिला मी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही केलं आहे असं मला वाटलं नव्हतं.

आठवड्याने मशीन अडखळायला लागलं. मध्येच थिजायचं, मग निळा पडदा, आणि एके सकाळी ते उघडलंच नाही. परीक्षेला महिना राहिला होता. अश्विनीनं मोबाईलवर वाचलं की जुन्या मशीनवर लिनक्स नावाची प्रणाली चालते, हलकी असते, फुकट मिळते, तिच्यावर मराठी टाइप करता येतं. क्लासच्या सरांनी पेनड्राइव्हवर भरून दिली. ती इन्स्टॉल करायला बसली आणि मी शेजारी स्टूल घेऊन बसलो, देखरेखीला.

चाळीस टक्क्यांवर अडकलं. एरर. पुन्हा केलं, सत्तरच्या पुढे गेलं आणि अडकलं. तिसऱ्यांदा दहालाच बसलं.

"फुकटचं असंच असतंय," मी म्हणालो.

सून म्हणून ती कधी उलट बोलली नाही, पण गप्प राहण्याचे तिचे दोन-तीन प्रकार आहेत आणि त्यातला हा मला समजला. मला स्वतःचीच लाज वाटली. तीस वर्षं बिघाड शोधण्याचा पगार घेतला आणि पोरीला द्यायला माझ्याकडे एवढंच होतं? मी कपाटातून ते निळं रजिस्टर काढलं. कारखान्यातून निघताना एक कोरं राहिलेलं मला भेट मिळालं होतं. त्याला रकाने छापलेले आहेत: तारीख, वेळ, बिघाड, काय केले, कारण, सही.

"हे घे," मी म्हणालो. "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आन मशीन चाललं, तर कशानं चाललं ते देवालाबी कळत न्हाई. बदललं की लिहायचं. आन आंदाजानं कायबी लिहायचं न्हाई."

मग मी तिला एक गोष्ट सांगितली. एकदा रोलरमध्ये लोखंड सापडलं आणि मिल बंद पडली. लॉगबुकात एका फिटरने लिहिलं, उसाच्या ट्रॉलीतून लोखंड आले. मी तुकडा बघितला, तो आमच्याच पान्याचा होता, त्याच्याच हातून पडलेला. मी त्याला सगळ्यांसमोर काही बोललो नाही. बाजूला नेऊन ती ओळ खोडायला लावली आणि खरं कारण लिहायला लावलं. कारण लॉगबुक साहेबासाठी नसतं. पुढच्या शिफ्टला जो माणूस येतो तो त्या ओळीवर विश्वास ठेवून यंत्रात हात घालतो. ओळ खोटी असेल तर त्याचा हात जातो.

अश्विनीनं लक्ष देऊन ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं जे केलं ते मी आयुष्यात फार थोड्या माणसांना करताना पाहिलं आहे. घरातलं आवरून ती सकाळी नऊला बसायची. पेनड्राइव्ह बदलला, लिहिलं. पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात लावला, लिहिलं. फाईल नव्याने उतरवली, ती पूर्ण उतरली का हे तपासायचा एक लांबलचक आकडा असतो, तो अक्षर न् अक्षर जुळवला, लिहिलं. मी मीटर लावून व्होल्टेज मोजलं, तेही तिनं माझ्या नावासकट लिहिलं. जेवायला हाक मारली की ओळ पूर्ण करूनच उठायची. मिलमध्ये माझ्या हाताखाली पंधरा माणसं होती. असा एक जरी मिळाला असता तर माझे केस इतक्या लवकर पांढरे झाले नसते.

चौथ्या दिवशी मी रजिस्टर वाचलं आणि तिला विचारलं, "अडकतंय ते एकाच जागी का येगयेगळ्या?"

तिनं बोट फिरवलं. चाळीस, सत्तर, दहा, पंचावन्न, तेवीस.

"एकाच जागी अडलं असतं तर त्या जागंचा दोष," मी म्हणालो. "जागा बदलती म्हंजी दोष समद्यांच्या खाली हाय. पाया बघ. समदं ज्याच्यावर चालतं ते काय हाय ह्याच्यात?"

तिनं रजिस्टरातल्या आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाली, "मेमरी, मामा. रॅम." पेनड्राइव्ह सुरू होताना जी यादी येते तिच्यात मेमरी तपासायची एक ओळ होती. रोज समोर यायची, आम्ही रोज ओलांडून पुढे जायचो. तिनं ती लावली. दहा वाजता लावलेली तपासणी अकराला लाल ओळी दाखवायला लागली. एक, दोन, मग पडदाभर.

मला इतका आनंद झाला की मी हिला स्वयंपाकघरातून ओढून आणलं. लाल ओळी बघून ही म्हणाली, "आता बाई, हे तर लईच बिघडलंय." तिला कसं सांगावं की बिघाड सापडणं म्हणजे अर्धं काम झालं? मी अश्विनीकडे बघितलं, तर ती हसत होती. फिटरचं हसू फिटरलाच कळतं.

"ही रॅम दिसती कशी?" मी विचारलं. तिनं मोबाईलवर चित्र दाखवलं. हिरवी उभी पट्टी, कडेला बारीक सोनेरी दात.

मी खाली स्टुलावर बसलो.

त्याच वेळी भोंगा झाला. त्या वर्षीचा पहिला. अश्विनीचा हात पत्र्याच्या स्क्रूवर होता. तो थांबला नाही. मी मुद्दाम बघत होतो. एक, दोन, तीन स्क्रू तिनं काढले, भोंगा वाजत राहिला आणि ती काम करत राहिली. माझ्या मनात एकाच वेळी अभिमान आणि चोरी असं दोन्ही होतं, आणि मला दोन्हींचं ओझं होत होतं.

तिनं पट्ट्या काढल्या आणि उजेडासाठी खिडकीजवळ नेल्या. माझ्याकडे पाठ होती. एका पट्टीवर मी लावलेलं बोट अजून तसंच असणार, वरच्या वर वाळलेलं. दुसरीवरचं ओघळून दातांपर्यंत गेलं असणार. मला बघायची गरज नव्हती. तिनं त्या उलटसुलट करून बघितल्या. मग म्हणाली, "आत्याबाई, खोडरबर हाय का घरात?"

हिनं शिवणाच्या डब्यातून खडूच्या तुकड्यांबरोबर ठेवलेलं जुनं खोडरबर काढून दिलं. अश्विनीनं हलक्या हाताने दात घासले, पुसले, फुंकर मारली, पुन्हा घासले. पट्ट्या बसवल्या. तपासणी लावली. आम्ही तिघं जेवलो. जेवून उठलो तरी एकही लाल ओळ आली नव्हती.

"काय झाल्तं गं?" हिनं विचारलं.

"धूळ हुती," अश्विनी म्हणाली, माझ्याकडे न बघता.

दुपारी लिनक्स शंभर टक्क्यांपर्यंत गेलं. नवा पडदा उघडला, स्वच्छ, निळसर. मराठी कळफलक लावून तिनं पहिली ओळ टाइप केली, स्वतःचं पूर्ण नाव. मग आईचं, मग वडिलांचं. ते दोघं त्या वर्षी संगमनेरच्या बाजूला फडात होते. तिनं त्या तीन नावांचा फोटो काढून त्यांना पाठवला.

मी बाहेर येऊन बसलो. मी सुटलो होतो. कोणाला कळलं नव्हतं, जिला कळलं होतं ती बोलणार नव्हती, मशीन चाललं होतं. पण टेबलावर ते खोडरबर पडलेलं होतं आणि त्याचं एक टोक लाल-पिवळं झालं होतं. धुळीला असा रंग नसतो.

ती चहा टाकायला गेली तेव्हा मी आत जाऊन रजिस्टर उघडलं. शेवटची नोंद तिच्या टपोऱ्या अक्षरात. बिघाड: इन्स्टॉल अडकते, जागा बदलते. काय केले: रॅम काढून दात खोडरबरने साफ. कारण: धूळ. आणि सहीचा रकाना कोरा. तिनं खोटी ओळ लिहिली होती, पण तिच्याखाली सही केली नव्हती. मला चार दिवसांपूर्वी सांगितलेली माझीच गोष्ट आठवली. तो फिटर निदान भीतीपोटी खोटं लिहीत होता. ही पोरगी माझी अब्रू राखण्यासाठी लिहीत होती, आणि ते तिला जमत नव्हतं.

मी पेन घेतलं. धूळ या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वाचता येईल अशी, लॉगबुकात मारतात तशी. शेजारी लिहिलं: हळद-कुंकू. खंडेनवमीला रॅमच्या पट्ट्या काढून लावले. पाणी दातांत उतरले. चूक माझी. आणि सहीच्या रकान्यात, जशी तीस वर्षं करत आलो तशी, दत्तू फिटर.

ती चहा घेऊन आली तेव्हा मी रजिस्टर तिच्यासमोर सरकवलं. तिनं वाचलं. मला वाटलं रडेल किंवा हसेल. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मामा, शिफ्ट बदलताना पुढचा मानूस काय लिहितो?"

मी सांगितलं.

परीक्षेला ती आणि मी एसटीने गेलो. ट्रॉल्यांची गर्दी होईल म्हणून दोन तास आधी निघालो, आणि नेमकी त्या दिवशी एसटी वेळेवर आली. ती आत पेपर देत होती आणि मी बाहेर लिंबाखाली बसून दीड तास शेंगा खाल्ल्या. ती पास झाली. आता राहुरीला एका कार्यालयात टायपिंग करते, सकाळच्या एसटीने जाते. रविवारी गल्लीतले लोक जुने लॅपटॉप पिशवीत घालून आणतात, आणि ते आले की मी दार उघडून सांगतो, बसा, मॅडम आंघोळीला गेल्यात. हे सांगताना माझी मान किती ताठ असते ते हिला विचारा. प्रत्येकाची नोंद रजिस्टरात आहे, कारणासकट, तिच्या सहीने. मुंगी, उंदीर, चहा, एकाच्या लॅपटॉपमध्ये भिजवलेली मटकी. कोणाचंही कारण तिनं झाकलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे अजून कॉम्प्युटरची पूजा होते. ताट ती धरते. "मामा, कुंकू वरच्या पत्र्याला," ती म्हणते, आणि मी टोपीला कुंकू लावतो.

काल भोंगा झाला तेव्हा ती कार्यालयात होती. कपडे आत आणून मी रजिस्टर त्या पानावर उघडलं. माझ्या सहीखाली तिची ओळ आहे, त्या दिवशी चहा गार होईपर्यंत बसून लिहिलेली. तीस वर्षं मी सकाळ-संध्याकाळ पुढच्या शिफ्टला चार्ज दिला, आणि घरी येऊनही जीव मिलमध्येच असायचा, मागे काय होतंय म्हणून. ही एक ओळ वाचली की मात्र मी रजिस्टर मिटून स्वस्थ बसतो.

पाहिले. मशीन चालू. चार्ज घेतला. अश्विनी.